लुगड्यांचा महाराष्ट्र

एप्रिल लागला की लालबागची हवा नाकाला झोंबते. गल्लीत मिरच्या भाजायला पडतात, मसाला कुटायची यंत्रं दिवसभर धडधडत राहतात, आणि रस्त्यानं जाणारी परकी माणसं शिंकत शिंकत, रुमाल शोधत पुढं सरकतात. मी आता एकोणिसाव्या मजल्यावर राहते. इतक्या वर त्या वासाला यायचं खरं तर काही कारण नाही, पण तो येतो. आमच्या सूनबाई खिडकी लावतात, मी उघडते, त्या पुन्हा लावतात. महिनाभर आमचं हे असंच चालतं. ह्याला भांडण म्हणता येणार नाही. दोघींनाही आपापलं नाक आहे, इतकंच.

मला त्या वासानं शिंक येत नाही, शिवण आठवते. आमच्या जुन्या चाळीत उन्हाळ्याची कामं दोन. वर्षाचा मसाला कुटून आणायचा आणि पावसाच्या आत गोधडी शिवायची. जीर्ण झालेली लुगडी धुऊन कडकडीत वाळवायची, थरावर थर अंथरायचे, वर रंगीत तुकडे मांडायचे आणि चारी बाजूंनी बायका बसून धावदोरा घालत कडेपासून मधल्या दिशेनं सरकत यायच्या. मसाल्याचे हात कितीही धुतले तरी पेरांत रंग राहायचा आणि त्याच पेरांत सुई असायची. त्यामुळे आमच्या लहानपणच्या गोधड्यांना पहिली धुलाई होईपर्यंत मसाल्याचा वास असे. पांघरून झोपलं की भूक लागायची.

पण मला जो उन्हाळा आठवतो, त्या उन्हाळ्यातली गोधडी पांघरायची नव्हती.

मुंबईसह महाराष्ट्र होणार हे तेव्हा पक्कं झालं होतं. मी इतकी लहान नव्हते की त्याचा अर्थ कळू नये, आणि इतकी मोठीही नव्हते की सगळा कळावा. ज्या शहरासाठी माणसं गोळ्या खाऊन पडली ते शहर आता मिळणार, एवढं ठाऊक होतं. माझे बाबा गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे मागावर. मोर्च्यात बसलेल्या लाठीनं त्यांचा उजवा कोपर कायमचा वाकला होता. तो हात पुढं करून ते म्हणायचे, "हा माझा महाराष्ट्र. अजून सरळ व्हायचाय." आणि आपणच हसायचे.

एक मेच्या सकाळी चाळीत झेंडावंदन करायचं ठरलं. पुरुषांची सभा झाली. दिवे, कमान, बँड, पेढे, पाहुणे, सगळ्यांची वाटणी झाली. बायकांच्या वाट्याला रांगोळी आणि पाहुण्यांना ओवाळणं आलं. आमच्या शेजारच्या खोलीत शेवंतीमावशी राहायची, मालवणची, आवाज भरतीच्या समुद्राचा. ती दारातूनच म्हणाली, "रांगोळी कित्याक? आमी काढूची नि तुमीच ती तुडवूची. आमी गोधडी शिवतलंव. आख्खो महाराष्ट्र शिवतलंव. जेच्या तेच्या गावाचा लुगडा लावतलंव आणि कमानीक टांगतलंव."

सभा हसली. तळमजल्यावरचे तात्या मात्र हसले नाहीत. ते जुन्या वळणाचे. गॅलरीत वाळत घातलेल्या लुगड्याखालून ते कधी गेले नाहीत. बायकांच्या लुगड्याखालून पुरुषानं जाऊ नये, तेज कमी होतं, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी ते भरल्या बादलीसकट उलट्या बाजूच्या जिन्यानं वळसा घालायचे. "कमानीला लुगडी? म्हणजे झेंड्याला जायचं तर लुगड्याखालून जायचं?" ते म्हणाले. शेवंतीमावशी म्हणाली, "तात्यानू, तुमी वळसो घाला. गुजरातेतसून या." ह्यावर तात्यांनाही हसू आवरलं नाही, आणि गोधडी मंजूर झाली.

भजनाची खोली दुपारची रिकामी असे. बाबांनी भिंतीवरचं चळवळीचं पत्रक बघून तिथल्या फरशीवर खडूनं नकाशा काढला. वाकड्या हातानं काढलेला, पण ओळखू येईल असा. त्यात बेळगाव होतं, कारवार होतं, निपाणी होती. घोषणेत जे जे होतं ते सगळं होतं. त्यावर पांढरं अस्तर अंथरलं गेलं, खडूच्या रेघा आईनं अस्तरावर पुन्हा उमटवून घेतल्या, आणि बाबा पाळीला निघून गेले. जाताना सांगून गेले, "ज्याच्या त्याच्या गावाचा तुकडा ज्याच्या त्याच्या गावाच्या जागी लावा."

आता गाव म्हणजे कोणतं? बाबांना वाटलं, त्यात काय विचारायचंय. संध्याकाळी येऊन बघतात तर त्यांचं गाव नकाशात नाहीच. सावंतांचं नाही, मोरे मंडळींचं नाही, चाळीतल्या जवळजवळ कुठल्याच कर्त्या पुरुषाचं गाव त्यात नव्हतं. बायकांनी आपापली माहेरं लावली होती. कुणी ठरवून केलं नव्हतं. 'तुझं गाव' म्हटल्यावर प्रत्येकीचा हात जिकडं गेला तिकडं गेला.

"अगं, आपलं गाव?" बाबा आईला म्हणाले.

"हे काय," आईनं बोट ठेवलं.

"ते तुझ्या बापाचं. आपलं चंदगडाकडचं. ते कुठाय?"

"ते तुमचं. तुमी लावा. मी माझं लावतो."

आमची आई असंच बोलायची. बेळगावाकडच्या बायका 'मी जातो, मी करतो' म्हणतात. चाळीतली पोरं तिला हसायची आणि त्यांच्याबरोबर मीही हसायची. ती मुळीच बदलली नाही. बाबांचं गाव आणि तिचं गाव ह्यांत बैलगाडीचं अर्ध्या दिवसाचं अंतर. सकाळी सासरहून निघालं की दुपारच्या भाकरीला माहेरी. तेवढ्या अंतरात तिचं नाव बदललं होतं, आडनाव बदललं होतं, आणि मुंबईला आल्यावर ती 'चंदगडकरीण' झाली होती. पुरुषाचं गाव जन्मभर एकच राहतं. बाईला मध्येच कधीतरी दुसरं देतात आणि सांगतात, आता हे तुझं. ती ते घेते, नांदते, तिथल्या देवाला नवसही बोलते. पहिल्याचं काय झालं, हे तिला कुणी विचारत नाही.

त्या दिवशी दुपारी, शिवता शिवता, ते विचारलं गेलं. रातपाळी करून आलेली माणसं बाहेर गॅलरीत झोपलेली असायची, म्हणून बायका हलक्या आवाजात बोलायच्या. त्या कुजबुजीत मी काय काय ऐकलं! शेवंतीमावशी माहेरी यमुना होती. आमची आई सुंदरा होती. सुंदरा! मी आईकडं बघतच राहिले. तिच्या हातात सुई, नाकात चमकी, कपाळावर घामानं पसरलेलं कुंकू, आणि ती सुंदरा. कुणाच्या गावच्या विहिरीत कासवं होती. कुणी लहानपणी आंब्यावरून पडून हात मोडून घेतला होता, त्याच हातानं आता सरळ टाका पडत नव्हता. मला वाटलं, आमच्या चाळीच्या आत आणखी एक चाळ राहते आहे, आणि तिचं दार आज पहिल्यांदाच उघडलंय. ते नवल अजून ओसरलेलं नाही.

बाबा दोन दिवस रुसले. मग आईनंच त्यांच्या जुन्या धोतराचा तुकडा कापून चंदगडाच्या जागी लावला. त्या अख्ख्या महाराष्ट्रात पुरुषाचं वस्त्र तेवढंच. बाबा आल्यागेल्याला ते दाखवायचे.

आईनं स्वतःच्या माहेरासाठी काढलं ते मात्र लुगडं नव्हतं. तिच्या लग्नातल्या चोळीचा खण होता. काळपट लाल, त्यावर बारीक बुट्टी, एका बाजूनं बघितला तर लाल आणि दुसऱ्या बाजूनं वांग्याच्या रंगाचा. चोळी विरली होती, पाठीचा भाग तेवढा धड होता. निपाणी-कारवारकडची चाळीत दुसरी कुणी नव्हती, म्हणून खालचा सगळा कोपरा तिच्याच वाट्याला आला. तो त्रिकोणी तुकडा तिनं धोतराला अगदी खेटून लावला. सासर आणि माहेर ह्यांत बोटाचंही अंतर ठेवलं नाही. मग त्यावर इतके बारीक टाके घातले की शेवंतीमावशी म्हणाली, "गो, गोधडी शिवतंस की नक्षी काढतंस?" आई म्हणाली, "माहेर हाय. घट्ट बसाय नको?"

नकाशा म्हणून पाहिलं तर सगळाच घोटाळा होता. चाळीत कोकणातल्या बायका जास्त, त्यामुळे कोकण मावेना. ते वाढत वाढत सह्याद्री ओलांडून साताऱ्यात घुसलं. एकीनं माहेराला समुद्र हवा म्हणून निळ्या लुगड्याचा पट्टा आणला, तेव्हा समुद्र पार कराडपर्यंत पोचला. सोलापूरची एकटीच बाई होती, पण तिचं लुगडं नवं होतं, म्हणून सोलापूरचा थाट काही और. आणि उजवीकडं विदर्भ मोकळाच. तिकडची आमच्या चाळीत एकही नव्हती.

तेव्हा पार्वतीबाई आल्या. त्या मागल्या चाळीत राहायच्या. त्यांच्या घरानं नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. आमच्या चाळीत त्यांचं येणं-जाणं दारापर्यंतच होतं, खोटं कशाला बोला. त्या दारातच उभ्या राहिल्या. हातात पांढऱ्या लुगड्याची घडी.

"नागपूर रिकामं आहे म्हणून ऐकलं," त्या म्हणाल्या.

"तुमचं माहेर नागपुराकडं?" कुणीतरी विचारलं.

"नाही. माहेर रत्नागिरीकडचं. तिथं मी फक्त जन्मले. जिथं माणसाचा माणूस झाला ते माहेर म्हणायचं, तर माझं माहेर नागपूर. हे त्या दिवशीचं लुगडं आहे."

खोलीतल्या दोन म्हाताऱ्या एकमेकींकडं बघत होत्या. आई सरकली. फार नाही, एका माणसापुरती. "बसा की," ती म्हणाली, आणि सुईत दोरा ओवून पुढं केला. पार्वतीबाई बसल्या आणि त्यांनी नागपूर लावलं. त्या पांढऱ्या तुकड्यानं उजवी बाजू अशी उजळली की बाकीचे सगळे रंग शहाण्यासारखे आपापल्या जागी बसले. दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा दारात थांबल्या नाहीत. जग बदललं असं मी म्हणणार नाही. त्या दोन म्हाताऱ्यांनी घरी जाऊन अंगावर पाणी घेतलं असेलही. पण टाके मात्र पार्वतीबाईंचे त्यांच्यात आणि त्यांचे पार्वतीबाईंच्यात जाऊन बसले होते, आणि ते आता कुणाला निवडता आले नसते.

सगळं भरत आलं आणि मुंबई राहिली. जिच्यासाठी एवढं रामायण घडलं तीच. पश्चिमेच्या कडेला अस्तराचा पांढरा ठिपका तसाच. शेवंतीमावशीनं विचारलं, "मुंबय कोणाची गो?" म्हणजे मुंबई माहेर कुणाचं? बायका एकमेकींची तोंडं बघायला लागल्या. एकीचंही नव्हतं. सगळ्या लग्न होऊन इथं आलेल्या. ज्या शहराच्या नावानं त्यांनी घसा फोडला, पदर खोचून रस्त्यावर उतरल्या, त्या शहरात त्या सगळ्याच्या सगळ्या सासुरवाशिणी होत्या.

तेवढ्यात हिरूबाई आली. हिरूबाई आमची कोळीण, रोज पाटी घेऊन यायची. तिचं माहेर शीव कोळीवाड्यातलं, सासर वरळी कोळीवाड्यातलं. तिनं पाटी खाली ठेवली, नकाशा बघितला, अडचण ऐकून घेतली.

"मंग मुंबय माजीच," ती म्हणाली. "म्हायेर बी हितंच नि सासर बी हितंच." कमरेच्या लुगड्याचा फाटका काठ तिनं तिथल्या तिथं फाडून दिला. आई तो लावायला बसली, तर हिरूबाई म्हणाली, "ऱ्हा जरा. मी येकलीच कशाला? ह्या तुमचे पोरी कंय जल्मल्या? ह्याच चालीन ना? मंग त्यांचा म्हायेर कंचा?"

मी आणि आणखी पाचसहा मुली दारात सागरगोटे खेळत होतो. खोलीतल्या सगळ्या बायकांनी वळून आमच्याकडं बघितलं. ती नजर मला शब्दांत सांगता यायची नाही. रोज 'पाणी भर', 'धाकट्याला घे' म्हणून हाका मारणाऱ्या त्या बायका, आणि त्यांना आम्ही जणू पहिल्यांदाच दिसत होतो. आईनं मला जवळ बोलावलं. माझा पिवळा फ्रॉक, त्याचा घेर जास्त होता. तिनं उसवून आतली दुमड कापली. शेवंतीमावशीनं तिच्या मुलीच्या परकराची पट्टी घेतली. पार्वतीबाई घरी जाऊन लेकीच्या शाळेच्या गणवेशाचा निळा तुकडा घेऊन आल्या. हिरूबाईच्या काठाभोवती आम्हा मुलींचे तुकडे बसत गेले, आणि मुंबई नागपुराएवढी झाली. बाबांनी ते बघून कपाळाला हात लावला. आई म्हणाली, "पोरी वाढत्या अंगाच्या हाईत. मोठीच पायजे."

गोधडीचा शेवटचा कोपरा शिवून बंद करण्याआधी आईनं आत चिमूटभर तांदूळ टाकले. तिच्याकडची रीत. बाई माहेराहून निघाली की तिची ओटी भरतात, तशी ही. "रिकाम्या पोटी पाठवू नये," ती म्हणाली. मग प्रत्येकीनं चिमूटचिमूट टाकले.

आणि मग ती बातमी घरात शिरली. म्हणजे बातमी जुनीच होती. बेळगाव राज्यात येत नाही, हे पुरुषांना ठाऊक होतं, आणि आईच्याही कानावर पडलं होतं. पण आज ना उद्या येईल, असं सगळेच म्हणायचे आणि तीही म्हणायची. आता झेंडावंदनाला येणाऱ्या पाहुण्यांचा माणूस व्यवस्था बघायला आला, त्यानं गोधडी बघितली आणि म्हणाला, सुंदर आहे, पण हा खालचा लाल तुकडा कशाला? राज्य झालंय त्याचा नकाशा हवा, न झालेल्याचा नको. वाद व्हायला नको.

संध्याकाळी पाळी सुटल्यावर भजनाच्या खोलीत माणसं जमली. काहीजण म्हणाले, राहू दे, आपली मागणी आहे, आपण लढणार आहोत. काहीजण म्हणाले, लढू की, पण उद्याच्या दिवशी नको. इतक्या वर्षांनी एक दिवस गोड उगवतोय. बाबा मंडळाचे चिटणीस. शेवटी ते बोलले, आणि बोलताना आईकडं त्यांना बघवत नव्हतं.

"तुकडा काढावा लागंल."

बायका भिंतीला लागून उभ्या होत्या. आमची आई पुरुषांच्या सभेत कधी बोललेली नव्हती. ती पुढं आली, डोक्यावरचा पदर नीट केला, गोधडीपाशी बसली. बाबांचं दाढीचं जुनं पातं तिच्या हातात होतं.

"काढतो मी," ती म्हणाली. "खरं एक सांगतो, ते ऐका. हा कागूद न्हाई, वाकळ हाय. टाका माझ्या खणातनं निघतो तो हिच्या मालवणातनं जातो आणि पार्वतीबाईच्या नागपुराला वळसा घालून माघारी येतो. माझा तुकडा काढला तर भोक पडंल. आरपार. त्या भोकात काय घालायचं तेवढं तुमी सांगा, मी काढतो."

एवढी घसाफोड करणारी माणसं, मैदानं गाजवून आलेली, पण त्या भोकात काय घालायचं हे त्यांच्यातल्या एकालाही सुचेना. तात्या खाली बघून टोपी चाचपत राहिले. बाबा उठले आणि त्यांनी वाकड्या हातानं आईच्या हातातलं पातं काढून घेतलं.

"राहू दे," ते म्हणाले. "मी पाहुण्यांना सांगतो."

मला वाटलं, झालं, आई जिंकली. मी टाळी वाजवणार होते. पण आई उठली नाही.

"राहू दे म्हणू नका," ती म्हणाली. "उगं खोटं कशाला? राज्यात न्हाई ते न्हाई. सुई द्या."

शेवंतीमावशीनं सुई दिली. आईनं पांढरा दोरा ओवला, बाबांच्याच खात्यातून आलेला. आणि बाबांचं धोतर आणि तिचा खण जिथं एकमेकांना भिडत होते, तिथून तिनं टाका घालायला सुरुवात केली. एक सरळ, ठळक, पांढरी रेघ. सासर एका बाजूला, माहेर दुसऱ्या बाजूला. सरकारनं कुठल्याशा टेबलावर ओढलेली हद्द आमची आई सगळ्यांच्या देखत स्वतःच्या चोळीवर स्वतःच्या हातानं शिवत होती. घाई नाही, डोळ्यांत पाणी नाही, टाका एवढाही वाकडा नाही. पुरुष उभे होते तसेच उभे राहिले. मी आयुष्यात पुढं पुष्कळ मोठी माणसं पाहिली, मोठी भाषणं ऐकली. पण त्या टाक्यांसारखं काही पुन्हा पाहिलं नाही. आणि खूप वर्षांनी, माझ्या स्वतःच्या हातात सुई असताना, माझ्या लक्षात आलं की त्या रेघेनं खण अस्तराला आणखी घट्ट धरला होता. सुईनं दुसरं काही करताच येत नाही.

रेघ पुरी झाल्यावर तिनं गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "आता लावा. आता खरा हाय."

एक मेच्या सकाळी गोधडी कमानीला चढली. पहाटेचा गार वारा होता, ती थोडी हलायची आणि खणाचा रंग लाल आणि वांगी असा पालटायचा. बँड वाजत होता. पाहुणे आले, मान वर करून बराच वेळ बघत राहिले, आणि त्या लाल तुकड्याविषयी त्यांनी काहीच विचारलं नाही. चाळीतले पुरुष एकामागून एक त्या लुगड्यांखालून झेंड्याकडं गेले. तात्या कमानीपाशी थांबले. सगळ्यांना वाटलं, आता वळसा घालणार. त्यांनी वहाणा काढून कडेला ठेवल्या, देवळात शिरताना काढतात तशा, आणि खालून गेले. बाबा मात्र बरोबर मध्यावर उभे राहून वर बघत राहिले, मागल्या माणसांनी ढकलेपर्यंत.

झेंडा वर गेला. गुलाल उडाला. माणसं अशी नाचली की त्यांची ती तऱ्हा मी कधी पाहिली नव्हती. साचेखात्यातले, वाइंडिंगखात्यातले, एरवी हसायलाही कंजूष असणारे बापे लहान पोरांसारखे एकमेकांच्या खांद्यावर चढत होते. बायकांनी फुगड्या घातल्या. शेवंतीमावशी आणि पार्वतीबाईंची फुगडी तर सुटेचना.

आई त्यांच्यात नव्हती. मी वर बघितलं. ती दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कठड्याला धरून उभी होती. गाव काही कुठं जात नाही, एस.टी. तशीच जाणार, आंबे तसेच पिकणार, हे कळण्याइतकी ती शहाणी होती. पण आपण ज्या घरात जन्मलो ते ह्या गुलालाच्या बाहेर राहिलं, हेही तिला कळत होतं. मी पेढा घेऊन जिना चढले. मला काहीतरी मोठं, समजूतदार बोलायचं होतं. माझ्या तोंडून निघालं, "आई, तुझं माहेर राहिलं ना गं?"

"राहिलं," ती म्हणाली.

तिनं माझ्या हातातला पेढा घेतला, अर्धा मोडला, मोठा अर्धा माझ्या तोंडात घातला आणि उरलेला स्वतः खाल्ला. मग माझ्या केसांतला गुलाल बोटांनी झटकत, खालच्या गर्दीकडं, कमानीकडं, त्या पिवळ्या-निळ्या मुंबईकडं बघत ती हसली. अगदी मोकळं हसली.

"तुझं मिळालं की," ती म्हणाली. "आता मी तुझ्या माहेरी राहतो."